रोल नंबर एकशे सतरा

सी तुकडी, खिडकीकडची रांग, शेवटून तिसरा बाक.
पंख्याचा वारा तिथवर यायचा नाही,
अकाउंट्सच्या सरांचा आवाजही जेमतेम.
हजेरी घेताना शंभराच्या पुढं गेले की
सर घड्याळ बघायचे
आणि उरलेले सगळे एका दमात हजर धरायचे.
न येताही मी हजर असायचे.
येऊनही तेवढीच.

मणेराजुरीहून सहा-वीसची एसटी.
तासगावात बसायला जागा मिळायची,
कुमठ्याला कुणी म्हातारी चढली की जायची.
मग बुधगाव, माधवनगर, सगळं उभ्यानं,
एका हातात दांडी, दुसऱ्यात कॉस्टिंगची झेरॉक्स,
आणि ड्रायव्हरनं ब्रेक मारला की
फिक्स्ड कॉस्ट जाऊन व्हेरिएबलवर आदळायची.
पासवरच्या फोटोत मी दचकलेली आहे.
तीन वर्षं तोच फोटो लावला.

गॅदरिंगला मी अकरा जणींच्या पर्सा सांभाळल्या.
नाच चांगला झाला असं म्हणतात.
टाळ्यांना हात मोकळे नव्हते.

लायब्ररीच्या पायरीवर रुकय्या मुजावर आणि मी,
मधे पाच रुपयांचं भडंग.
ती तिखट शेंगदाणे वेचून मला द्यायची,
मी लसूण तिला.
दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर ती आलीच नाही,
मिरजेत मोबाइलच्या दुकानात लागली.
तिच्या दोन वह्या माझ्याकडं राहिल्या,
अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

मग स्टॅटिस्टिक्समध्ये सदतीस.
पासिंग चाळीसला.
नोटीस बोर्डाची काच कुणीतरी पानाच्या बोटानं पुसलेली,
तिच्यातून मी तीनदा बघितलं.
घरी सांगितलं, एक विषय राहिलाय.
आई बेदाण्याच्या शेडवर होती, हात थांबले नाहीत तिचे.
म्हणाली, राहिला म्हणजे कुठं राहिला?
जसा डबा राहतो गाडीत.
मग स्वतःच म्हणाली, मिळंल. चौकशी कर.

त्या सुट्टीत मीपण बसले तिच्या शेजारी.
हिरवा इकडं, पिवळा तिकडं, काळा मागं, काड्या खाली.
चार दिवस डोळे दुखले, पाचव्या दिवशी
बोटंच बघायला लागली.
एका ओंजळीत हिरवे किती, पिवळे किती,
मी पुठ्ठ्यावर काड्या ओढत गेले,
चार उभ्या, पाचवी आडवी,
आणि उन्हं कलता कलता एकदम कळलं
की सर वर्षभर फळ्यावर हेच मांडत होते.
सगळ्यांत जास्त गर्दी मधेच असते.
दोन्ही टोकांना चार-दोन दाणे.
आईला दाखवलं.
ती म्हणाली, पुठ्ठा खराब केलास.

ऑक्टोबरच्या पेपरात ते विचारलंच नाही.
तरी एक्केचाळीस पडले.

शेवटच्या मार्कलिस्टसाठी खिडकीशी गेले
तेव्हा आवटी क्लार्कनी चष्म्यावरून बघितलं.
नाव?
मगदूम त्रिशला बाबगोंडा.
इथलीच का तू?
इथलीच.
फर्स्ट क्लासचा गठ्ठा पातळ, रबर लावलेला.
आमच्या गठ्ठ्याला रबर पुरला नसावा,
सुतळीनं बांधला होता.
त्यांनी गाठ सोडली, थुंकीच्या बोटानं शोधत राहिले,
पाटील, पाटील, माने, पाटील, मुळीक,
आणि मला तेवढ्यात
माझ्या वरचं आणि खालचं नाव वाचता आलं.
दोघंही ओळखीचे नव्हते.
तीन वर्षं आम्ही शेजारी असणार.
बावन्न पॉइंट सतरा टक्के.
सही केली. मागच्या मुलानं पेन मागितलं,
दिलं, आणि तो लिहून होईपर्यंत थांबले.

स्टँडवर दोन-चाळीसची लागली होती.
पास कालच संपलेला.
कंडक्टरनं सवयीनं मान पुढं केली, कॉलेज?
म्हटलं, झालं.
फुल तिकीट द्या.
सुट्टे नव्हते त्याच्याकडं,
तिकिटामागं आठ रुपये लिहून दिले.
कवलापूर गेलं, कुमठे गेलं,
तासगावात खिडकी मिळाली.
मणेराजुरीला उतरताना
ते आठ रुपये
मी मागून घेतले.